कन्यादानाची धार आणि सेलवरची पेटी

माझ्या बहिणीच्या कन्यादानाला मी बापाच्या मागे बसून त्याच्या हातात वीज सोडत होते. आमच्या संघटनेतले लोक यावर अजून हसतात, म्हणून आधी तेच लिहून टाकते. कन्यादानाविरुद्ध पनवेलमध्ये पत्रकं कोणी वाटली? मी. एसटी स्टँडवर, भाजी मार्केटात, कॉलेजच्या गेटवर. 'मुलगी ही दान करायची वस्तू आहे काय?' असा ठळक मथळा होता. आणि त्याच वर्षीच्या वैशाखात, नऊवारी नेसून, बोहल्यावर, पदराखाली पेटी लपवून बसली होती कोण? तीही मीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला एकीचीही लाज वाटत नाही.

बाबा पनवेल स्टँडवर वाहतूक नियंत्रक. खिडकीच्या आत बसून गाड्या सोडायच्या, माइकवरून पुकारायचं आणि बाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचं: पेण, अलिबाग, उरण, महाड. आवाज असा खणखणीत की माइक बंद पडला तरी मुतारीपर्यंत ऐकू जायचा. घोषणा द्यायला माझा गळा चालतो तो त्यांच्यामुळेच. हात मात्र चाळिशीनंतर हलायला लागला होता. मांडीवर ठेवला की गरीब गाईसारखा शांत. काही धरायला उचलला की सुरू. खडू फळ्याला टेकण्याआधी हवेतच अक्षर काढून घ्यायचा. एकदा एक प्रवासी फळ्याकडे बघून बाबांना म्हणाला होता, "साहेब, अलिबागला आज लाटा जास्त हायेत वाटतं." बाबांनी ते घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि हसले. तोवर ते हसत होते.

हा आजार आहे. आमच्या आजोबांचाही हात असाच हलायचा. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांना स्वच्छ सांगितलं होतं की हा घराण्यातून उतरणारा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण तो जाणारही नाही. एक गोळी असते, पण बाबांना दमा, आणि दमेकऱ्याला ती गोळी चालत नाही. मग डॉक्टर जरा हसून म्हणाले होते की गंमत म्हणजे घोटभर दारू घेतली तर हा कंप थोडा वेळ थांबतो, पण तो काही उपाय नव्हे, आपण सुरू करू नका. बाबांनी कशाला सुरू केली असती? त्यांना खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा सहन होत नसे.

आणि याच माणसाला लोक दारुडा म्हणायला लागले.

माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, लग्न उरणकडच्या एका गावात ठरलं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मुलगा बंदरावर नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, देण्याघेण्याचा विषय निघाला नव्हता, म्हणजे माझ्यासारखीलाही नाक मुरडायला जागा नव्हती. पण नवऱ्या मुलाचे मामा एका सकाळी पनवेल स्टँडवर उतरले आणि त्यांनी आमच्या बाबांना कॅन्टीनमध्ये चहा पिताना पाहिलं. दोन्ही हातांनी धरलेली बशी, ती थडथडतेय, चहा शर्टावर. मामा गावात जाऊन म्हणाले की मुलीचा बाप सकालीच घेतो, मी डोल्यांनी बघून आलो हाय. ते लग्न जमवणाऱ्या गृहस्थांमार्फत आमच्याकडे आलं. यायचंच. असल्या गोष्टींची गाडी कधी चुकत नाही.

माझा संताप काय सांगू. हळदीच्या रात्री हेच मामालोक मांडवात आडवे पडतात, त्यांना कोणी दारुडा म्हणत नाही, ते 'हौशी'. आणि जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाचा हात हलतो, तर तो दारुडा. मी त्याच दिवशी पत्रकाचा मजकूर लिहायला घेतला होता. मथळाही ठरला होता. ताईने कागद हातातून काढून घेतला. म्हणाली, "माझ्या सासरच्या गावात माझ्या लग्नाआधी पत्रक वाटणारेस? तुझी तत्त्वं तुझ्या लग्नाला ठेव. माझ्या लग्नात बाबांची मान खाली जाता कामा नये, एवढंच बघ."

मान खाली जायची एक जागा सगळ्यांना दिसत होती. कन्यादानाला नवरा-नवरीच्या ओंजळीवर पाण्याची धार धरतात. बहुतेकांकडे ती आई धरते. आमच्या घराण्यात ती बापाने धरायची अशी रीत आहे, कोणी पाडली देव जाणे. झारी एका हाताने धरायची आणि मंत्र संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. तुटली तर म्हणे मुलीच्या संसारात खंड पडतो. मला विचाराल तर पाण्याचा आणि संसाराचा संबंध एवढाच की नळाला पाणी आलं नाही तर घरात भांडणं होतात. पण मला कोण विचारतो.

मी बाबांना विचारलं की धार आईलाच धरू दे ना, किंवा नकोच धार, ताई काय वस्तू आहे का. ते फळ्यासाठी खडूंचे तुकडे डबीत भरत होते. म्हणाले, "वस्तू नाही, मान्य. तुझं पत्रक मी वाचलंय, खिडकीला चिकटवूनही ठेवलं होतं. पण आईने धार धरली की ते म्हणणार, बघा, बापाला उभं राहवत नाही. मला फक्त एकदा, त्या सगळ्यांसमोर, सरळ धार धरायची आहे. मग जन्मभर हलू दे."

मी खाली बसले आणि खडूंचे तुकडे डबीत भरायला लागले. सभेत मला निरुत्तर करणारा अजून भेटला नव्हता.

उपाय सुचवणारे पुष्कळ होते. बाबांच्या एका ड्रायव्हर दोस्ताला डॉक्टरांचं ते दारूचं बोलणं ठाऊक होतं. त्याने हळूच येऊन सांगितलं की मुहूर्ताआधी दोन बुचं टाका, वेलची चघळा, धार अशी पडेल की पाइप लावलाय वाटेल. बाबा म्हणाले, "म्हणजे पीत नाही हे दाखवायला मी प्यायची?" दोस्त बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग गाडी सुटायची वेळ झाली म्हणून गेला.

त्याच सुमारास बाबांचा खांदा धरला. जुन्या गावातल्या बोळात एका तरुण बाईंनी फिजिओथेरपीची खोली उघडली होती, तिथे ते जायला लागले. तोंड वाकडं झालेले, पोलिओ झालेले, पाठ धरलेले असे पेशंट तिथे असत. बाईंकडे दोन यंत्रं होती. एक भिंतीच्या विजेवर चालणारं मोठं, आणि एक सेलवर चालणारी लहान पेटी, पेशंटच्या घरी न्यायला. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रबरी चकत्या कातडीवर बांधायच्या, पेटीवरचा खटका दाबला की करंट जातो आणि खालचा स्नायू आपोआप आवळतो. खटका सोडला की सैल. निजलेल्या स्नायूला जागं करायची ही जुनीच रीत.

बाईंनी बाबांचा हात बघितला, लग्नाची गोष्ट ऐकली आणि त्यांना म्हणाल्या की उद्या मुलीला घेऊन या, पत्रकवालीला.

मी गेले ती तयारीनेच गेले. कारण त्या दिवसांत स्टँडबाहेर एक माणूस 'विजेचा पट्टा' विकत असे. कमरेला बांधा, मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत सगळं जाईल. त्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं आणि त्याला बॅगेसकट पिटाळला होता. आता बोळात बसून कोणी सुशिक्षित बाई तेच करणार असेल तर तिलाही सोडायची नाही, असं मनाशी घोकत मी पायऱ्या चढले. खोलीत भिंतीवर, मानवी शरीराच्या तक्त्याशेजारी, आमचं पट्ट्याविरुद्धचं पत्रक लावलेलं होतं.

तरी मी विचारलंच, "विजेने कंप बरा होतो असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "बरा होत नाही. करंट चालू आहे तोवर कमी होईल, झाला तर. बंद केला की पुन्हा तेच. आणि झालाच नाही तर मी तुमचा वेळ घेतला म्हणून माफी मागेन. हवं तर हे पत्रकात घाला."

मला भांडायला जागाच ठेवली नाही. प्रामाणिक माणसांची ही फार वाईट खोड असते.

त्यांनी समजावलं ते असं. हात हलतो म्हणजे मनगट वर ओढणारा स्नायू आणि खाली ओढणारा स्नायू आळीपाळीने ओढतात, दोन मुलं झोपाळ्यावर बसल्यासारखी. बाहेरून करंट देऊन त्यातल्या एकाला योग्य वेळी आवळलं तर झोपाळ्याला पाय टेकवून थांबवल्यासारखं होईल. परदेशात कोणी असं करून बघतंय असं त्यांनी कॉलेजात असताना ऐकलं होतं, पण पुढे काय झालं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं. हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

आधी सरळ, सलग करंट देऊन पाहिला. बाबांचा हात लाकडी डावासारखा ताठ झाला. कंप खरंच कमी झाला, पण झारी वाकवता येईना, बोटं सोडता येईनात. बाबा म्हणाले, "मॅडम, याने मी उत्तम पुतळा होईन. धार नाही व्हायची."

मग बाईंनी दुसरी तऱ्हा काढली. मनगट वर निघालं की नेमका त्याच क्षणी खालच्या स्नायूला झटका. वर, झटका, वर, झटका, डोळ्यांनी मोजता येणार नाही इतकं भरभर. त्यांनी खटक्यावर बोट ठेवलं आणि प्रयत्न केला. शिक्षण पुण्याचं, हाताला गुण चांगला, पण तालाच्या नावाने शंख. झटका कुठे, हात कुठे. बाबांचा हात गोंधळून भलतीकडेच जायला लागला.

आता सांगायला हवं की मी आमच्या पथनाट्यात डफ वाजवत असे. चौकात गर्दी जमवायची ती डफावर. बाई घामाघूम होऊन थांबल्या तेव्हा मी म्हटलं, सरका. डावा हात बाबांच्या कोपराखाली ठेवला. तिथे त्यांचा कंप बोटांना नीट कळत होता. खरंच एक लय होती, डफाच्या द्रुत लयीएवढी. डोळे मिटले, ती आत मुरू दिली आणि उजव्या हाताची दोन बोटं खटक्यावर आळीपाळीने सोडली, त्यांच्या ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत.

बाबांच्या हातात पाण्याचा पेला होता. पेल्यातलं पाणी थरथरायचं थांबत गेलं. अगदी थांबलं असं नाही म्हणणार, खोटं कशाला सांगू. तळ्यावर वारा पडावा तेवढं. बाबा पेल्याकडे बघत राहिले. मग पेला उचलून एका हाताने पाणी प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "गार आहे." पाणी साधंच होतं, नळाचं.

लगेच हुरळून जाऊन मी काहीतरी बोलले, लय सुटली, आणि माझी बोटं फटीतून घसरून नेमकी त्यांच्या ठोक्यावर जाऊन बसली. मग जे झालं त्याने कळलं की हे औषध दुधारी आहे. झोपाळा थांबवायच्या ऐवजी मी त्याला झोका दिला. हात दुप्पट उडाला, पेला भिंतीवर गेला आणि आमचं पट्ट्याविरुद्धचं पत्रक ओलं झालं.

लग्नापर्यंतचा सगळा उन्हाळा आम्ही सराव केला. बाईंनी पेटी घरी न्यायला दिली. संध्याकाळी मागच्या गॅलरीत बाबा झारी घेऊन उभे, मागे स्टुलावर मी. आईच्या कढीलिंबाला आणि तुळशीला त्या वैशाखात मिळालं तेवढं पाणी पुढे कधी मिळालं नाही. जमलं की धार अशी की बघत राहावं. फसलं की फवारा. शेजारच्या काकूंनी कठड्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते, त्यांच्यावर दोनदा शिंतोडे गेले. आई म्हणाली, "झाडांना घाला हवं तेवढं, पापडांचं कन्यादान कशाला करताय?" बाबांना एवढं हसू आलं की कंप कुठला आणि हसणं कुठलं ते माझ्या बोटांना कळेना.

एक गोष्ट मी त्या दिवसांत मनाशी नीट लावून घेतली, कारण संघटनेच्या बैठकीत हा प्रश्न येणार होताच. कन्यादान चूक आहे, यावर मी एक अक्षर मागे घेत नाही. पण माझ्या बापाविषयी जे पसरवलं गेलं तेही खोटं आहे. एका चुकीविरुद्ध लढताना दुसऱ्या खोट्याला वाट द्यायची असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? बैठकीत मी हे मांडलं. सगळे गंभीरपणे ऐकून घेत होते. मग एक कार्यकर्ता म्हणाला की म्हणजे आपण कन्यादानाचं विद्युतीकरण करतोय असं समजायचं का. त्या दिवसापासून माझं नाव 'विद्युत मंडळ' पडलं.

लग्न पनवेललाच, एका हॉलमध्ये होतं. मी नवरीची धाकटी बहीण, म्हणजे करवली. करवलीला नऊवारीत बघून अर्ध्या गावाने तोंडात बोटं घातली. इतर वेळी मी खादीच्या झब्ब्यात. पण खादीच्या झब्ब्यात पेटी मावत नाही, नऊवारीच्या पदराखाली अख्खा रेडिओ मावेल. बाबांना लांब बाह्यांचा झब्बा, आत दंडापासून खाली चकत्या बांधलेल्या, तारा काखेतून पाठीवर आणि पाठीवरून उपरण्याखाली माझ्या मांडीवर. फिजिओबाई 'ताईची मैत्रीण' म्हणून शेजारी, करंट कमी-जास्त करायला. भटजींना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पाण्याने मला शॉक बसणार नाही ना.

मंगलाष्टकं झाली, अक्षता झाल्या, बरेचसे लोक जेवायला पळाले. पण उरणकडची मंडळी बोहल्याभोवती घट्ट बसून राहिली. सगळ्यांत पुढे मामा, फेटा बांधून, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते धार बघायलाच बसले होते. बाबांनाही ते दिसत होते. त्यांच्या कोपराखालच्या माझ्या बोटांना कंप नेहमीपेक्षा जोरात लागत होता.

खाली काशाचं ताट, त्यावर जावयाची ओंजळ, त्यात ताईची. बाबांनी झारी उचलली. मी डोळे मिटून फट शोधली आणि बोटं सोडली. भटजींनी मंत्र सुरू केला.

आणि धार पडली. सरळ, सुताएवढी. गॅलरीतही कधी इतकी चांगली पडली नव्हती. ताईने वर बाबांकडे पाहिलं. मामा किंचित पुढे वाकले. मी मनात म्हणत होते की बघून घ्या, डोळ्यांनी बघून घ्या आता.

तेवढ्यात बाहेर बेंजो सुरू झाला.

नवऱ्याच्या मित्रांनी सांगून आणलेली बेंजो पार्टी. मुहूर्त झाला, आता नाचायला मोकळे. ताशावाल्याने दणक्यात उचललं. आमच्या सरावात सगळ्याचा विचार होता, उकाड्याचा, घामाचा, सेल संपण्याचा, बेंजोचा नव्हता. रायगड जिल्ह्यात लग्न आणि आम्ही बेंजो विसरलो. डफ वाजवणाऱ्या माणसाच्या बोटांना ताशा ऐकू आला की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. माझी बोटं ताशाकडे ओढली गेली, फटीतून निसटली आणि बरोब्बर बाबांच्या ठोक्यावर जाऊन बसली.

झारी उसळली. पहिलं पाणी भटजींच्या पोथीवर गेलं, दुसरं विहीणबाईंच्या शालूवर, आणि उरलेलं सगळं, जणू पत्ता लिहून दिला होता, मामांच्या तोंडावर.

मी खटका सोडला. बाईंनी करंट बंद केला. बाहेर बेंजो चालूच होता. मामांनी फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं आणि शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी बोललो नव्हतो? आजपन घेतलीच हाय."

मी उठणार होते. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं, सगळ्या पत्रकांचा मजकूर एकदम. बाबांनी मागे न बघता डाव्या हाताने माझा खांदा दाबला आणि मला खाली बसवलं. झारी ताटात ठेवली. उपरणं काढलं, झब्ब्याची बाही कोपराच्या वर सारली. चकत्या, पट्ट्या, लाल-काळ्या तारा, सगळं उघड्यावर आलं. आणि मग ते स्टँडच्या आवाजात बोलले, ज्या आवाजात ते पेण गाडी फलाटावर लागल्याचं पुकारतात त्याच.

"उरणच्या मंडळींनी लक्ष द्यावं. हा हात हलतो. माझ्या वडिलांचा हलायचा, माझा हलतो. हा आजार आहे. मी दारू पीत नाही. डॉक्टर म्हणतात, प्यायलो असतो तर हात हलला नसता. म्हणजे आज तुमच्या अंगावर जे पाणी पडलं, ते मी न प्यायल्यामुळे पडलेलं आहे."

मग पहिल्यांदा जावई हसला. मग ताई, ओंजळीत ओंजळ तशीच धरून. मग विहीणबाई, ओल्या शालूनिशी, आणि मग सगळंच उरण. मामा एकटे हसत नव्हते. ते तारांकडे बघत होते.

जावई म्हणाला, "बाबा, पुन्हा धरा धार. मशीन राहू दे. हलू दे हात."

बाबांनी भटजींकडे पाहिलं. भटजी पोथी उन्हात धरावी तशी पंख्याखाली धरून उभे होते. म्हणाले, "शास्त्रात धार म्हटलंय. सरळ धार असं काही म्हटलेलं नाही."

मग बाबांनी आपल्या स्वतःच्या हाताने धार धरली. ती ओंजळीवर पडली, ताटात पडली, पाटावर पडली, ताईच्या मेंदीवर, जावयाच्या मनगटावर, आणि जमलेल्या पोरांनी पुढे सरून ती मुद्दाम अंगावर घेतली. तुटली नाही. रुंद झाली, एवढंच.

पुढे जेवणाच्या हॉलमध्ये जे झालं त्याला सभा म्हणायला हरकत नाही. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला करंट घेऊन बघायचा होता. फिजिओबाई जिलबी खायची सोडून पेटी घेऊन बसल्या. एकेकाच्या हाताला चकती लावायची, खटका दाबायचा, बोटं आपोआप मिटायची आणि सगळे ओरडायचे. बाई प्रत्येकाला बजावत होत्या की याने काहीही बरं होत नाही. एवढी सांगितलेली गोष्ट एवढ्या आनंदाने न ऐकणारे लोक मी पाहिले नाहीत. मग मामा आले. खाली बसले, बाही वर केली आणि बाबांना म्हणाले, "तुमीच दाबा." बाबांनी दाबला. मामांची मूठ घट्ट मिटली आणि त्यांना उघडता येईना. बाबा म्हणाले, "आता सांगा, घेतलीय का?" मामा म्हणाले, "सोरा हो याही, चुकलो." बाबांनी जरा वेळाने सोडला.

रांगेच्या शेवटी नवऱ्याची आत्या होती, पांढऱ्या केसांची. तिने हात पुढे केला. चकती लावायच्या आधीच तो हलत होता. ती आपल्या भाच्याला म्हणाली, "म्हनून मी कोनाकडे चाय घेत नाय. तुमी म्हनता म्हातारी शिष्ट." बाई तिचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ तिच्याशी बोलत बसल्या, पेटी बाजूला ठेवून. मग बाबांनी दोन चहा मागवले. दोघं समोरासमोर बसले. दोन बश्या अशा वाजत होत्या की वाढपी दोनदा येऊन बघून गेला.

याला आता काही वर्षं झाली. पेटी बाईंकडे परत गेली. रोज उठून कोणी मुलगी बापाच्या मागे खटका घेऊन बसू शकत नाही, आणि स्वतःच कंप ओळखून फट शोधणारं यंत्र आमच्या बोळात अजून आलेलं नाही. येईल तेव्हा मी त्याचं पत्रक फुकट लिहीन. बाबांचा फळा अजून डोलतो. पण आता ते कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या मध्ये बसून चहा पितात, आणि कोणी टक लावून बघितलं तर बोलावून शेजारी बसवतात आणि सगळी गोष्ट मामांच्या तोंडावरच्या पाण्यासकट सांगतात. त्यात एखाद्याची गाडी चुकते.

परवा मी घरी सांगितलं की मी लग्न करणार आहे, रजिस्टर. धार नाही, ताट नाही, भटजी नाही. वाद होणार म्हणून मुद्दे काढून ठेवले होते. बाबा म्हणाले, "बरं. साक्षीदार कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे सही." त्यांनी आपला उजवा हात वर धरून बघितला, तो आपला हलत होता. "मग त्या बाईंची पेटी सांगून ठेव. पण खटका कोण दाबणार? तू तर नवरी."

मी म्हटलं की नवरीने खटका दाबू नये असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. बाबा म्हणाले, "बेंजो नको सांगूस मात्र."